इंजिनाचा पाण्याचा पंप : परीक्षा, निवड व बदल

ट्रॅक्टरचें इंजिन तापूं लागलें, रोज सकाळीं रेडिएटरमध्यें तांब्या-दोन तांबे पाणी घालावें लागूं लागलें, आणि मिस्त्रीनें "पाण्याचा पंप गेला" एवढेंच सांगून दुकानाची वाट दाखविली, म्हणजे शेतकऱ्याची मोठी पंचाईत होते. दुकानदार एकाच नांवाचे तीन पंप तीन भावांनीं पुढें मांडतो. त्यांतील कोणता घ्यावा, आणि घेतलेला पंप नीट बसविला गेला कीं नाहीं हें कसें ओळखावें, अशी पृच्छा संघाच्या कित्येक सभासदांनीं आमच्याकडे केली आहे. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्यांतील कारकुनीची. कागद वाचणें व नोंद ठेवणें एवढाच आमचा धंदा. परंतु बार्शी भागांतल्या आमच्या काळ्या रानांत गेलीं वीस वर्षें घरचा ट्रॅक्टर चालत असून या पंपानें आम्हांस एकदां चांगलेंच शहाणें केलें आहे. म्हणून या विषयावर लिहिण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम हा पंप करतो काय, तें पाहूं. इंजिनांत डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग कामाला येतो. बाकीच्यापैकीं बराचसा धुराबरोबर बाहेर पडतो, आणि उरलेला सिलिंडरभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास उचलावा लागतो. हें तापलेलें पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकींत येतें, बारीक नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या रबरी नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. हें चक्र फिरतें ठेवणें हें पंपाचें काम. पूर्वीं पंपावांचूनही यंत्रें चालत. फोर्ड कंपनीची मॉडेल टी मोटार १९०८ सालीं निघाली. अगदीं आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर १९२७ पर्यंतच्या या मोटारींना पाण्याचा पंप नव्हता. १९१७ सालचा फोर्डसन ट्रॅक्टरही तसाच. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व निवालेलें जड होऊन खालीं बसतें, एवढ्या निसर्गनियमावर त्यांचा निर्वाह होत असे. आजचीं इंजिनें आकारानें लहान व ताकदीनें मोठीं झालीं. त्यांना तेवढ्यानें भागत नाहीं. विहिरीवरच्या जुन्या मंदगति इंजिनाची गोष्ट निराळी. तेथें नळांतलें ताजें पाणी इंजिनांतून जाऊन पाटाला मिळतें. ट्रॅक्टरला विहीर बरोबर नेतां येत नाहीं. तेंच दहा-बारा लिटर पाणी त्यास दिवसभर फिरवावें लागतें.

पंपाची रचना विहिरीवरील सेंट्रिफ्यूगल पंपासारखीच आहे. बाहेर बिडाचें अथवा अल्युमिनियमचें कवच. मध्यें एक दांडा. त्याच्या मागच्या टोंकास पाण्यांत फिरणारा इंपेलर, म्हणजे पात्यांची फिरकी. पुढच्या टोंकास पट्ट्याची पुली, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत त्याच पुलीवर पंखा. दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो त्यांत कारखान्यांतच जन्मभराचें ग्रीस भरलेलें असतें. पाणी या बेअरिंगकडे येऊं नये म्हणून मध्यें सील असतें. एक कार्बनची गुळगुळीत कडी स्प्रिंगच्या जोरानें दुसऱ्या कठीण कडीवर दाबलेली असते, आणि त्या दोहोंमधील पाण्याचा अतिसूक्ष्म थर हेंच त्या सीलचें वंगण. म्हणून पाण्यावांचून इंजिन दोन-चार मिनिटें जरी चाललें तरी सील जळून जातें. सील व बेअरिंग यांच्यामध्यें, कवचाच्या खालच्या अंगास एक लहानसें भोंक ठेवलेलें असतें. पुष्कळांस हें भोंक म्हणजे कारखान्याची चूक वाटते. वस्तुतः पंपांतील सर्वांत उपकारक गोष्ट तीच. सीलमधून पाझरलेलें पाणी बेअरिंगमध्यें न शिरतां तेथून बाहेर पडावें, आणि मालकास वेळींच सूचना मिळावी, असा तिचा दुहेरी उद्देश आहे. नवा पंप बसविल्यावर पहिल्या दिवशीं एखादा-दुसरा थेंब पडला किंवा तेथें कोरडा डाग दिसला तर घाबरण्याचें कारण नाहीं. थेंब रोज पडूं लागले, म्हणजे मात्र पंपाचे दिवस भरले असें समजावें.

हें ज्ञान आम्हांस सन २०२१ च्या पूर्वीं असतें तर बरें झालें असतें. त्या वर्षीं हस्त नक्षत्रांत आमच्या ट्रॅक्टरच्या या भोंकांतून थेंब पडूं लागले. रब्बी ज्वारीच्या पेरणीस वाफसा नुकताच आला होता, आणि अशा वेळीं ट्रॅक्टर गॅरेजांत दोन दिवस उभा करण्यास कोणाचें मन घेतें? शेजारच्या गांवच्या एका कारागिरानें भोंकांत लुकण दाबून गळती तत्काळ बंद केली. आम्हींही त्यास चहा पाजून, हुषार माणूस म्हणून वाखाणून निरोप दिला. बाहेर पडण्याची वाट बंद झालेलें तें पाणी अर्थातच बेअरिंगमध्यें गेलें. ग्रीस धुवून निघालें, दुसऱ्या दिवशीं पुढून घरघर ऐकूं येऊं लागली, आणि तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं बेअरिंग फुटून सील सुटलें. आमचा पुतण्या ट्रॅक्टरवर होता. तापमानाचा कांटा लाल पट्ट्याकडे चढलेला त्यानें पाहिला. परंतु थोड्याच वेळांत तो आपोआप खालीं आला. इंजिन निवालें अशा समजुतीनें, अंधार पडण्यापूर्वीं राहिलेलीं सहा तासें ओढून घ्यावीं म्हणून त्यानें तसाच ट्रॅक्टर हांकला. पांचव्या तासाला इंजिन जाम होऊन उभें राहिलें.

रात्रीं मिस्त्री आले. आम्ही कांट्याची हकीकत सांगतांच ते म्हणाले, "भाऊसाहेब, पाणीच उरलं नाहीं, तर कांटा दाखवणार काय?" तापमान मोजणारी खुंटी पाण्यांत बुडालेली असेल तरच ती खरें सांगते; पाणी उतरून ती उघडी पडली कीं कांटा खालीं येतो, आणि इंजिन मात्र भाजत असतें. हेडला तडा गेला होता व गॅस्केट जळालें होतें. नवें हेड, गॅस्केट, पंप व मजुरी मिळून झालेला खर्च एकट्या पंपाच्या किंमतीच्या सुमारें दसपट होता. ट्रॅक्टर अकराव्या दिवशीं घरीं आला. त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मिळावा म्हणून आम्ही दारोदार फिरलों, पण ज्याची त्याची पेरणी अडलेली. सात एकरांपैकीं तीन एकर रान त्या हंगामांत पड राहिलें, आणि पुढें वैशाखांत जनावरांसाठीं कडबा विकत आणावा लागला. पुतण्यास आम्ही बोललों नाहीं. भोंक बुजविणारास चहा पाजणारे आम्हीच होतों.

इतकें सांगितलें तरी तापणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा दोष पंपाच्या माथीं मारूं नये. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मळणी यंत्राला जोडलेला असला कीं रेडिएटरच्या जाळींत भुसा गच्च बसतो. हवाच जाईना तर पाणी निवणार कसें? ही जाळी इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस वारा किंवा पाणी मारून साफ करावी, उलट मारल्यास भुसा आणखी आंत जातो. पट्टा सैल असेल तर पंप व पंखा दोन्ही मंदावतात. रेडिएटरच्या झांकणाचें रबर फाटलेलें असेल तर दाब धरत नाहीं. झांकण साधारण अर्ध्या बारचा जादा दाब धरीत असेल तर साधें पाणी १०० ऐवजीं सुमारें १११ अंश सेंटिग्रेडला उकळतें, हा त्या झांकणाचा खरा उपयोग आहे. खालची रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली असेल तर पंपाच्या ओढीनें ती चपटी होते व पाणी अडतें. इंजिन तापलें तरी वरची नळी हाताला गारच लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असण्याचा संभव आहे. कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून फेंकून देण्याची चाल आहे, ती वाईट. तो साधारण ८२ अंशांच्या सुमारास उघडतो व इंजिनास योग्य उबेवर ठेवतो. तो नसल्यास इंजिन थंडच चालून डिझेल अधिक खातें व झिजतें. आणि थंड इंजिन सुरू करतांच रेडिएटरच्या तोंडाशीं एकसारखे बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटकडे पाहावें. पंप बदलून कांहीं होणार नाहीं.

पंपाचीं स्वतःचीं लक्षणें तीन. पहिलें भोंकांतील थेंब, तें वर सांगितलें. दुसरें, इंजिन बंद असतां पंख्याचें टोंक धरून मागें-पुढें हलवावें. खळखळ लागली तर बेअरिंग गेलें. तिसरें घरघर, पण तो आवाज डायनामोचाही असूं शकतो, म्हणून पट्टा काढून दोन्ही पुल्या हातानें फिरवून पाहाव्या. चौथा एक दोष आहे, तो बाहेरून दिसत नाहीं. कित्येक वर्षें बोअरचें खारें पाणी घातलेल्या इंजिनांत फिरकीचीं पातीं गंजून अर्धीं होतात, किंवा फिरकी दांड्यावर सैल होऊन जागच्या जागीं राहते. पुली फिरते, थेंब पडत नाहीं, आणि पाणी मात्र हलत नाहीं. थंड इंजिनाचें झांकण काढून तें सुरू करावें, व थर्मोस्टॅट उघडण्याइतकें गरम झाल्यावर तोंडांतून पाहावें. पाणी वाहतांना दिसलें पाहिजे. उकळी येईपर्यंत थांबूं नये.

आतां निवडीचा प्रश्न. दुकानांत गेल्यावर सभासद सांगतात कीं, अमक्या कंपनीच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचा पंप द्या. हें म्हणजे तलाठ्याकडे जाऊन गांवाचें नांव सांगून उतारा मागण्यासारखें आहे. गट नंबर सांगितल्यावांचून उतारा निघत नाहीं, तसा इंजिन नंबर सांगितल्यावांचून पंप मिळत नाहीं. एकाच नांवाच्या ट्रॅक्टरांत कंपनी मधल्या काळांत इंजिन बदलते, पुलीची उंची बदलते, नळीचें तोंड बदलतें. वरचें पत्र्याचें बोनेट तेंच राहतें. म्हणून इंजिनावर ठोकलेला नंबर, ट्रॅक्टरचा नंबर व बनावटीचें साल हीं तिन्हीं एका कागदावर उतरून न्यावीं, आणि शक्य तर जुना पंप काढून पिशवींत घालून बरोबर न्यावा. कांहीं दुकानांत या वस्तूस वॉटर बॉडी म्हणतात, तेवढें लक्षांत ठेवावें.

जुना व नवा पंप शेजारीं ठेवून पाहावा. बोल्टांचीं भोंकें जुळलीं म्हणजे पंप जुळला असें नाहीं. येथेंच बहुतेकांची फसगत होते. कवचाच्या सपाट अंगापासून पुलीच्या बैठकीपर्यंतची उंची पट्टीनें मोजावी. ती दोन-तीन मिलिमीटरांनीं चुकली तरी पट्टा तिरका चालून कडेनें झिजतो, आणि पंखा रेडिएटरच्या जाळीजवळ जातो. फिरकीचा व्यास व पात्यांची उंची सारखी असावी. फिरकी बुटकी असेल तर तिच्या व कवचाच्या मधल्या फटींतून पाणी मागें परततें व इंजिन ओझ्याखालीं तापतें. पात्यांची वळणाची दिशा तीच असावी. नळीच्या तोंडाचा व्यास आणि थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या लहान वाटेचें भोंक पाहावें. मग दांडा हातानें फिरवावा. तो थोडा जड पण एकसारखा फिरला पाहिजे. सीलच्या दाबामुळें हा जडपणा असतो. मध्येंच अडखळला किंवा फिरकी कवचास घांसली तर तो परत करावा. शेवटीं एक काडी घेऊन पाझराचें तें भोंक मोकळें आहे कीं नाहीं तें पाहावें. हलक्या ओतीव मालांत तें वाळूनें वा रंगानें बुजलेलें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

ट्रॅक्टर कंपनीच्या पेटींतला पंप सर्वांत महाग, नामांकित सुटे भाग करणाऱ्यांचा मध्यम, व बिननांवाचा स्वस्त, अशी बाजाराची प्रतवारी आहे. पहिल्या दोहोंपैकीं कोणताही घेण्यास आमची हरकत नाहीं; तिसऱ्यास आहे. वजनानें जड तो पंप चांगला ही समजूत निराधार होय. पेटीवर बनविणाराचें नांव, पत्ता, भागाचा क्रमांक व छापील किंमत असावी, आणि पक्की पावती घ्यावी. पावती मागितली कीं भाव वाढतो हें खरें; पण महिन्यानें गळूं लागलेला पंप कोऱ्या चिठ्ठीवर कोणी बदलून देत नाहीं. केवळ बेअरिंग, सील व दांडा यांचा संच घेऊन जुनें कवच वापरण्याचीही रीत आहे. कवच निर्दोष असेल, आणि मिस्त्रीजवळ दांडा दाबून बसविण्याचें प्रेस असेल, तर ती काटकसर योग्य आहे. सील जेथें बसतें ती जागा गंजानें खाल्ली असेल, किंवा मिस्त्री हातोड्यानें दांडा ठोकूं लागला, तर मात्र तो संच पुन्हां पेटींत घालावा व सबंध पंप आणावा.

बदलण्याचें काम अर्ध्या दिवसाचें आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून झांकणास हात लावूं नये. दाबाखालचें गरम पाणी उसळून तोंड व हात भाजतात. बॅटरीची ऋण तार सोडवावी. रेडिएटरखालची व इंजिनाच्या अंगावरची अशा दोन्ही तोट्या उघडून पाणी बादलींत धरावें. हिरवें वा लाल कूलंट असेल तर येथें विशेष सावधगिरी हवी. त्यांत बहुधा इथिलीन ग्लायकॉल हें द्रव्य असतें. तें चवीला गोड व जहाल विषारी आहे. कुत्रीं तें आवडीनें चाटतात, जनावरेंही तोंड लावतात, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरतात. म्हणून ती बादली गोठ्यापासून व हाळापासून दूर, झांकून ठेवावी. पाटांत ओतूं नये.

पुलीचे बोल्ट पट्टा ताणलेला असतांनाच थोडे सैल करावे, पट्टा काढल्यावर पुली गरगर फिरते व बोल्ट सुटत नाहींत. मग पट्टा, पंखा, पुली व नळ्या काढाव्या. कांहीं ट्रॅक्टरांत जागा होण्यासाठीं रेडिएटरही पुढें सरकवावा लागतो. पंपाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर पंपाची आकृति काढून ज्या भोंकांतला बोल्ट त्याच ठिकाणीं पुठ्ठ्यांत खोंचून ठेवावा. लांब बोल्ट आंखूड भोंकांत गेला तर कवच फुटतें किंवा आंतील भिंतीस भोंक पडतें. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडतांना इंजिनाच्या तोंडांत चिंधी कोंबावी, नाहीं तर ते तुकडे आंत जाऊन रेडिएटरच्या नळ्या बुजवितात. खरवडण्यास छिन्नी वापरूं नये. एक चर पडला तरी तेथून पाणी येतें. त्याच वेळीं स्वच्छ पाणी सोडून सारी वाट धुवून घ्यावी. लाल गाळ निघत असेल तर निघेपर्यंत धुवावें. हाच गाळ नव्या सीलचा वैरी आहे.

गॅस्केट एकच लावावें. त्यावर चिकट मसाल्याचा जाड थर लावण्याची हौस मिस्त्र्यांना फार. दाबल्यावर तो आंत फुगून सुटतो व थर्मोस्टॅटपर्यंत जातो. लावावयाचाच तर अगदीं पातळ. रबरी कडी असेल तर मसाला मुळींच नको, तिला कूलंट लावून बसवावें. जे बोल्ट पाण्याच्या पोकळींत उतरतात त्यांच्या आट्यांस मात्र मसाला लावावा. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. आठ मिलिमीटरच्या बोल्टास साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे असतात. कंपनीच्या पुस्तकांत निराळा आंकडा असेल तर तोच खरा. लांब नळी लावून पाना ओढणाऱ्या मदतनिसास त्या वेळीं दुसरें काम सांगावें. पट्टा अंगठ्यानें मधोमध दाबला असतां सुमारें १२ मिलिमीटर दबावा. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो, आणि नवे पंप लवकर जाण्याचें हें एक नित्याचें कारण आहे.

आंत काय घालावें? बोअरचें पाणी घालूं नये. आपल्या भागांतील तें जड पाणी इंजिनांत मीठ व चुना बसवितें, आणि चुन्याचा कण सीलच्या आरशासारख्या अंगावर काचकागदाचें काम करतो. तयार मिसळलेलें कूलंट, किंवा कूलंटचें मूळ द्रव्य व बॅटरींत घालतात तें पाणी डब्यावरील प्रमाणांत मिसळून घालावें. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं मग कूलंट कशाला, असें पुष्कळ विचारतात. त्याचें दुसरें काम गंज रोखण्याचें आहे, तें सोलापुरांतही लागतेंच. दोन जातींचीं कूलंटें एकमेकांत मिसळूं नयेत. भरतांना सावकाश भरावें, नळ्या दाबून हवा काढावी, इंजिन गरम करून पुन्हां थंड होऊं द्यावें, मग पातळी पाहून वर भर घालावी. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याचा मोह आवरावा. त्यानें सीलची कडी व हेड दोन्ही तडकतात.

ज्या सभासदांकडे मोटार आहे त्यांच्यासाठीं एवढेंच कीं, पुष्कळ मोटारींत पाण्याचा पंप टायमिंगच्या पट्ट्यावर चालतो. तेथें पट्टा बदलतेवेळींच पंपही बदलावा, कारण दोहोंची मजुरी एकच, आणि पंप अडकून तो पट्टा तुटल्यास पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वांकतात. कांहीं मोटारींच्या पंपांत फिरकी प्लॅस्टिकची असते. ती पाहून नाक मुरडूं नये. चांगल्या जातीची असली तर ती गंजत नाहीं. मात्र असलें काम झाडाखालीं करूं नये, तें माहितगार गॅरेजचेंच.

पंप बसविल्यावर पहिल्या आठवड्यांत रोज सकाळीं पातळी पाहावी व भोंकाखालीं बोट फिरवावें. पन्नास तास काम झाल्यावर पट्टा पुन्हां दाबून पाहावा, कारण नवा पट्टा थोडा ताणतो. आम्ही आतां एक वही ठेविली आहे. तींत पंप बसविल्याची तारीख, ट्रॅक्टरच्या तासमापकाचा आंकडा, पंपाच्या भागाचा क्रमांक, आणि पावती चिकटविलेली. जुन्या पंपाचें कवच भंगारांत घातलें नाहीं. त्यावर तैलरंगानें इंजिन नंबर लिहून तें कोठारांत खुंटीला टांगलें आहे. पुढील पंप आणावयाचा झाला कीं पुतण्यानें तेंच पिशवींत घालून दुकानांत न्यावें, असें त्यास सांगून ठेविलें आहे.